रील राहू दे, आधी बडग्या दाखव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. नववीच्या वर्गात तू स्वतः केलेली रील दाखवलीस आणि पोरं तोंड दाबून हसली, हे तुला लागलेलं दिसतं. हसणारच गं. मॅडम एकदम त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या की त्यांना गंमत वाटते.

माझी फजिती तर याहून मोठी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचो. उत्तरादाखल नुसते अंगठे. पुढे कळलं, बऱ्याच घरांत फोन एकच. तो बापासोबत कामावर जायचा आणि रात्री नऊला परत यायचा, तोही डेटा संपवून. मग मी दोन मिनिटांचे ऑडिओ पाठवायला लागलो, तेव्हा कुठे प्रश्न येऊ लागले.

शाळा उघडल्यावर एकदा नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांचे, म्हणजे टोमणे मारायला केलेल्या पुतळ्यांचे, फोटो वर्गात नेले. महागाईवरचा एक, पुढाऱ्यांवरचा एक, गळ्यात पाटी अडकवलेली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे त मीमच हाये!" झालं, त्या दिवशी धडा बाजूलाच राहिला. टोमणा कोणाला आहे? बाहेरगावच्या माणसाला हसू यायला काय काय माहीत असावं लागेल? पाटीवरचे चार शब्द बदलले तर काय होईल? हे सगळं पोरं फळ्यावर येऊन सांगत होती. उपयोजित लेखनातली जाहिरात मी वर्षानुवर्षं शिकवली, पण शब्द मोजून वापरायचे असतात हे त्यांना त्या पाट्यांवरून कळलं.

मग मी त्यांच्या फोनमधले मीम मागवले. त्यात वर्गातल्याच एका मुलीचा फोटो निघाला. मी रागावणार तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "सर, बडग्या मोठ्या लोकांचा काढतात ना?" फोटो टाकणारा खाली बघत बसला. मला पुढे काही बोलावं लागलं नाही. (नंतर त्याच्या घरी मात्र गेलो, ते काम वर्गात होत नाही.)

दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांचा धडा आहेच, त्यालाही हे जोडता येईल. इन्स्टाग्रामवर खातं उघडायच्या भानगडीत मात्र पडू नकोस.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच इतवारीत ये, काळी आणि पिवळी मारबत भेटतात तिथे उभे राहू. गर्दी फार असते, बूट घालून ये. फोटो तूच काढ, माझा हात हलतो.

तुझा,
सर