सोजू ही दारू सोडून कोरियातली पारंपरिक पेयं कोणती? दारू न पिणाऱ्यांसाठी काही आहे का?

आहे ना, भरपूर आहे! मी कामानिमित्त कोरियात राहते, आणि मला विचाराल तर सुरुवात शिख्येपासूनच करा. भातापासून बनतं, गोड असतं, दारूचा संबंध नाही. सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणून वाळवून त्याची भरड करतात, ती कोमट पाण्यात चोळायची, गाळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं शिजवलेल्या भातावर ओतायचं. मग राइस कुकर 'वॉर्म'वर लावून चार-पाच तास विसरून जायचं. साधारण ६० डिग्रीला मोडातली एन्झाइम्स भातातल्या स्टार्चची साखर करतात आणि शितं हलकी होऊन वर तरंगायला लागतात, ती दिसली की झालं. त्यानंतर उकळी मात्र आणायचीच, नाहीतर लवकर आंबतं. आलं आणि थोडी साखर घालायची, गार करायचं, वर दोन-चार चिलगोजे. सणाच्या जड जेवणानंतर हे इतकं छान लागतं की कोल्ड्रिंक आठवत नाही.

बाकी सुजोंग्वा म्हणजे दालचिनी-आल्याचा गार काढा, त्यात वाळवलेलं पर्सिमॉन हे फळ. उन्हाळ्यात मिसुतगारू, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून, आपल्या सातूच्या पिठाच्या अगदी जवळचं. आणि सातूचा चहा तर कित्येक घरांत पाण्याऐवजीच पितात.

आता दारूचं विचारलंच आहे तर, हिरव्या बाटलीतला सोजू म्हणजे न्यूट्रल स्पिरिटमध्ये, म्हणजे जवळजवळ शुद्ध अल्कोहोलमध्ये, पाणी आणि गोडी घातलेली दारू. १९६५ मध्ये धान्यटंचाईमुळे सरकारने धान्यापासून सोजू काढायला बंदी घातली, तेव्हापासून हाच प्रकार सगळीकडे पसरला. जुन्या पद्धतीचा हवा असेल तर आन्दोंग शहरातला घ्या, पण त्यात ४५ टक्के अल्कोहोल असतं, जपून.

मला स्वतःला मक्कॉली जास्त आवडते. भात, पाणी आणि नुरुक, म्हणजे भरड गहू दाबून बुरशी आणलेल्या ढेपा. यात बुरशी आणि यीस्ट दोन्ही असतात, त्यामुळे स्टार्चची साखर आणि साखरेची दारू एकाच भांड्यात एकाच वेळी होत राहते. ६ ते ८ टक्के, दुधाळ, किंचित आंबट. हिलाही तांदळाच्या बंदीचा फटका बसला, बरीच वर्षं गव्हाच्या पिठाची करायचे, आणि घरी गाळायला परत परवानगी मिळाली ती १९९५ मध्ये. इतकी जुनी घरगुती गोष्ट कायद्याने बंद व्हावी याचं मला खरंच वाईट वाटतं. २०२१ मध्ये मक्कॉली बनवण्याच्या परंपरेला कोरियाने राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली, हे फार बरं झालं.

घेताना लेबल नक्की वाचा, स्वस्तातल्या बऱ्याच बाटल्यांत अस्पार्टेम असतं, तांदूळ-नुरुक-पाणी एवढंच लिहिलेली मिळाली तर तीच घ्या. आणि ताजी असेल तर फ्रिजमध्ये उभीच ठेवा, आत गॅस होत राहतो म्हणून झाकण मुद्दाम थोडं सैल असतं, आडवी ठेवली तर सगळी सांडते.