भट्टीवरची नोकरी

प्रिय मित्रा,

तुझी तिन्ही गाणी ऐकली. तिसऱ्यातला दुसरा अंतरा तूच कापलायस, हे लगेच कळलं. कुणी सांगितलं होतं? नाही ना?

सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) १९८१ साली रॉक क्लब निघाला. परवानगी सरकारी, नजर केजीबी या गुप्तचर खात्याची. मंचावर गायचं तर गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यायचे. आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, साधारण तसंच. नाटकं लिहायचो तेव्हा मीही घरीच वाक्यं गाळून मोकळा व्हायचो. मागितलं कुणीच नव्हतं.

मंच नाही तर ती रॉकवाली पोरं कुणाच्या तरी घरात दाटीवाटीने बसून वाजवायची. आंद्रेइ त्रोपिल्लोने तर पायोनियर भवनात, म्हणजे शाळकरी मुलांच्या छंदवर्गाच्या जागेत, त्यांचे आख्खे अल्बम ध्वनिमुद्रित केले. मग टेपवरून टेप, तिच्यावरून आणखी टेप. दर प्रतीगणिक खरखर वाढायची, पण गाणं पुढच्या गावी पोचायचं. आणि पोटाचं? तिथे बेकार राहणं हाच गुन्हा होता, नोकरीचा कागद लागायचाच. 'किनो' बँडचा गायक व्हिक्टर त्सोई बॉयलरच्या खोलीत कोळसा टाकायचा. पाळी संपली की उरलेला वेळ आपला! तेव्हा तू नोकरी सोडायची भाषा करतोस, ती आधी बंद कर.

'डीडीटी' बँडच्या युरी शेवचुकला ऐंशीच्या दशकात एका अल्बमपायी उफा शहर सोडावं लागलं. मे २०२२ मध्ये त्याच उफात तो युक्रेनवरच्या युद्धाविरुद्ध मंचावरून बोलला. ५० हजार रूबल दंड झाला. तो देशातच राहिला. 'अक्वेरियम' बँडचा बोरिस ग्रेबेन्शिकोव्ह लंडनला गेला, २०२३ मध्ये त्याच्यावर 'परकीय हस्तक' असा रशियन सरकारचा शिक्का बसला. युद्धाला विरोध करणाऱ्या 'बी-२' बँडची मंडळी जानेवारी २०२४ मध्ये थायलंडात फुकेतला पकडली गेली. कारण दिलं कामाच्या परवान्याचं, धास्ती मात्र रशियाच्या हवाली होण्याची. शेवटी ती इस्रायलला सुटली. त्याच पिढीतले काहीजण युद्धाच्या बाजूनेही उभे राहिले, हेही विसरू नकोस. पण शूर कोण आणि पळपुटा कोण, हे आपण इथे चहा ढोसत ठरवू नये.

तुझ्यावर यातलं काहीच आलेलं नाही, म्हणूनच त्या अंतऱ्याचा जास्त राग आला. मंचावर नको गाऊस हवं तर. रविवारी मोबाइलवर गाऊन पाठव, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजासकट.

तुझा,
काका