उत्तर ठरवून पुस्तक उघडू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि वर्गात सामाजिक प्रश्नांवर बोलण्यासाठी निवडलेल्या बारा चित्रपुस्तकांची यादी मिळाली. प्रत्येक पुस्तकाच्या नावासमोर तू एकेक विषय लिहिला आहेस: गरिबी, अपंगत्व, वर्णभेद, स्थलांतर, मुलगा-मुलगी भेद. पुस्तकांची निवड चांगली आहे, त्यांतील निम्मी मीही वर्गात वाचून दाखवलेली आहेत. मला खटकला तो विषयांचा रकाना. पुस्तकातून काय निघायला हवे हे आपण आधीच ठरवले असेल, तर मुलांना ते पहिल्या दोन पानांतच कळते, आणि मग ती चित्राकडे पाहायचे सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागतात.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी फाटक्या बुटांच्या एका मुलीची गोष्ट वाचून दाखवली होती. शेवटी वर्गमैत्रिणी मिळून तिला नवे बूट देतात. पुस्तक मिटून मी विचारले, "यातून आपण काय शिकलो?" बरेच हात वर झाले, "गरिबांना मदत करावी" हे उत्तर आले आणि मी समाधानाने फळा पुसला. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, पण आता ते बूट कोणी दिले ते सगळ्यांना माहीत असणार ना?" त्या गोष्टीतील खरा सामाजिक प्रश्न तिने विचारला होता, आणि माझ्या प्रश्नात त्याला जागाच नव्हती.

म्हणून तात्पर्य विचारण्याऐवजी चित्राबद्दल विचार. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनवाइन यांनी कलाकृती पाहण्यासाठी तीन साधे प्रश्न रूढ केले, ते चित्रपुस्तकालाही चपखल बसतात: या चित्रात काय चालले आहे, असे तुला कशावरून वाटले, आणि आणखी काय दिसते? यांतला मधला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. समज, बाकावर बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून एखादे मूल म्हणाले, "हा चोर आहे." आपल्या जिभेवर लगेच येते, "असे म्हणू नये." त्याने मूल गप्प होते, पण त्याचा ग्रह जिथल्या तिथे राहतो. त्याऐवजी "कशावरून?" असे खरोखरच्या कुतूहलाने विचारले, तर ते चित्रात पुरावा शोधू लागते आणि त्याच्या हाती लागतात फक्त वाढलेली दाढी आणि मळका कोट. मग दुसरे कोणीतरी म्हणते, "माझ्या काकांची पण दाढी अशीच आहे." पूर्वग्रह कशाच्या आधारावर उभा असतो, हे मुलांना असे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आवाजात मात्र उलटतपासणीचा सूर येऊ देऊ नकोस. योग्य वाटणाऱ्या उत्तरालाही हाच प्रश्न विचार, नाहीतर "कशावरून" म्हणजे "चुकलास" असे मुले चटकन ताडतात.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, कारण छपाईच्या कागदाच्या घडीतून १६ च्या पटीत पाने निघतात. एवढ्या थोड्या जागेत पान उलटण्याचा प्रत्येक क्षण लेखक-चित्रकारांनी विचारपूर्वक योजलेला असतो. तिथे थांब, पण प्रत्येक पानावर नव्हे. तीन-चार जागा आधी हेरून ठेव. पहिले वाचन शक्यतो अखंड होऊ दे आणि चर्चा दुसऱ्या वाचनाला कर.

आता थोडे नाजूक बोलते. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडले की पुस्तक काहींसाठी दुसऱ्यांचे जग दाखवणारी खिडकी असते, तर काहींसाठी स्वतःचेच जग दाखवणारा आरसा. वर्गात बोलताना आपण सर्व मुलांना खिडकीपाशी उभे असल्यासारखे धरतो, आणि ज्याच्यासाठी ते पुस्तक आरसा आहे ते मूल तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेले असते. अशा वेळी त्याच्याकडे पाहूही नकोस, मग "तुला काय वाटते?" असे विचारणे दूरच. त्याला बोलायचे असेल तर ते बोलेल. साक्षीदार म्हणून त्याला उभे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याच कारणाने, प्रश्नावर बेतलेल्या पुस्तकांइतकीच नुसती आनंदाची पुस्तकेही यादीत हवीत. शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील तीन वर्षांच्या बालपुस्तकांची पाहणी प्रसिद्ध केली. पाच हजारांहून अधिक पुस्तकांपैकी जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. अमेरिकन लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे १९६२ चे पुस्तक याच काळातले. त्यातला कृष्णवर्णीय मुलगा दिवसभर बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट. त्याच्या वर्णाचा शब्दांत कोठेही उल्लेख नाही. हा गुण की पळवाट, यावर तेव्हा वादही झाला. मला तो गुण वाटतो, कारण सतत सोसणाराच दिसला तर मुले त्या समूहाला दुःखाच्या नावाने ओळखू लागतात.

मुलांना बोलू देणे म्हणजे आपण काहीच न बोलणे नव्हे. "चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना काही समजत नाही," असे कोणी म्हटले तर तिथल्या तिथे, न रागावता, एका वाक्यात सांग: "पाय चालत नाहीत याचा समजण्याशी संबंध नाही." आणि पुन्हा चित्राकडे वळ. लांबलचक भाषणाने चुकीच्या वाक्याचेच महत्त्व वाढते. पालकांनी अशा पुस्तकांबद्दल शंका काढल्या तर काय करावे, असे तू विचारले आहेस. त्यांना पुस्तक आधी पाहायला दे, बहुतेक शंका तिथेच मिटतात.

यादीतील चौथे पुस्तक मात्र वगळ. त्यातल्या लंगडणाऱ्या मुलाला खेळात घेतात ते त्याने एकाचा जीव वाचवल्यावर. म्हणजे पराक्रम केला नसता तर तो बाहेरच राहिला असता. एरवी कितीही सुंदर चितारलेले असले, तरी हे मुलांना शिकवण्यासारखे नाही.

आणि नववे पुस्तक वर्गात नेण्याआधी शब्दांवर कागद ठेवून एकदा फक्त चित्रे पाहा. शेवटून तिसऱ्या पानावर वरच्या खिडकीत कोणीतरी उभे आहे. मी ते पुस्तक चार वेळा वाचूनही मला ते दिसले नव्हते. एका सहा वर्षांच्या मुलाने बोट ठेवून दाखवले. तुझ्या वर्गात ते कोणाला दिसते आणि ती व्यक्ती कोण असावी असे मुलांना वाटते, ते मला सविस्तर कळव.

तुझी,
बाई