'मोटर प्रोटीन' म्हणजे 'वाहक प्रथिन' का?

विचारणा अशी आहे : पेशीच्या आत माल नेणाऱ्या 'मोटर प्रोटीन'ला 'वाहक प्रथिन' म्हणावं का, आणि 'पदार्थ वाहक प्रथिनांमधून वाहतात' हे वाक्य बरोबर आहे का?

मी 'चालक प्रथिन' म्हणेन. 'वाहक' हा शब्द पेशीपटलातून रेणू आरपार नेणाऱ्या प्रथिनांसाठी आधीच वापरात आहे. शिवाय स्नायूतलं मायोसिन हेही मोटर प्रोटीनच, पण तिथे ते कसला माल नेत नाही, अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा तंतू ओढतं. 'चालक' म्हणजे गती देणारा. हा अर्थ दोन्हीकडे बसतो. 'प्रेरक'ही सुचला होता, पण 'प्रेरक चेतापेशी' रूढ असल्याने घोटाळा होईल.

आता 'वाहतात'. मराठीत ओझं वाहतात आणि पाणीही वाहतं. तुमच्या वाक्यात दुसरा अर्थ शिरला आहे, जणू प्रथिन म्हणजे पाइपच. प्रत्यक्षात कायनेसिन हे मोटर प्रोटीन चक्क चालतं! पेशीत रुळासारख्या पसरलेल्या सूक्ष्मनलिकेवर एक पाय रोवलेला, मागचा उचलून पुढे. दर पावलाला 8 नॅनोमीटर अंतर आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्च. मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतातंतूत हा प्रवास जवळपास मीटरभराचा होतो. कायनेसिन बहुधा पेशीच्या मध्याकडून कडेकडे जातं, तर डायनीन हे दुसरं मोटर प्रोटीन माल उलट, मध्याकडे आणतं.

नावं मात्र आहेत तशीच ठेवा, ती फार नेमकी आहेत. कायनेसिन 1985 साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूत सापडलं. नावाच्या मुळाशी 'हलवणे' या अर्थाचं ग्रीक क्रियापद आहे. डायनीनचं नाव 1965 चं, बलाच्या 'डाइन' या एककावरून.

एक जागा सांभाळा. कायनेसिनच्या ज्या भागांनी पावलं पडतात त्यांना शास्त्रात 'डोकी' म्हणतात, आणि माल असतो शेपटाकडे. 'ओझं डोक्यावर' ही आपल्या मनातली प्रतिमा इथे नेमकी उलटी होते. 'दोन डोकी आळीपाळीने पुढे पडतात' असं थेट लिहिलं तर वाचक अडखळणारच. मी आधी 'पाय' लिहीन आणि मग त्यांचं शास्त्रीय नाव सांगेन.

तुमचं वाक्य मी असं करेन : 'चालक प्रथिनं सूक्ष्मनलिकांवरून पावलं टाकत मालाच्या पुटिका ओढून नेतात.' पुटिका म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म पिशव्या.