पितळी हनुमान, देवळालीच्या पेन्या आणि एक न छापलेलं पुस्तक

जुन्या नाण्यांविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात छापून संपादक मोकळे झाले आणि पत्रांची पिशवी माझ्या दारात आली. मी नाणेशास्त्राचा पदवीधर नाही. नाशिकच्या मेन रोडवर अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला लावायचं भिंग होतंच, त्याखाली चाकांच्या जागी नाणी कधी आली ते माझं मलाच कळलं नाही.

आधी एक खुलासा. निम्म्या पत्रांत ‘ब्रिटिश नाणी’ म्हणजे राणीछाप रुपये, पावल्या आणि भोकाचे पैसे आहेत. ती ब्रिटिशांच्या राज्यातली असली तरी हिंदुस्थानची नाणी. इंग्लंडच्या बाजारात चालायची ती पेनी, शिलिंग, हाफ क्राउन. पुस्तकं वेगळी, भाव वेगळे, गिऱ्हाइकंही वेगळी. यावेळी मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल.

आमचे आजोबा देवळाली कॅम्पात गोऱ्या सोल्जरांचे कपडे धुवायचे. ते १९५८ मध्ये गेले. माळ्यावर त्यांची कापडी थैली सापडली. तीत ४१ पेन्या, ६ अर्ध्या पेन्या आणि ३ मोठी चांदीची नाणी आहेत. यादी सोबत जोडली आहे. लंडनला असलेला भाचा म्हणतो, मी नेऊन विकतो. चौघा भावांत वाटणी करायची आहे. किंमत किती येईल?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

तुम्ही यादी केलीत इथेच अर्धं काम झालं. बहुतेक लोक ‘बरीच नाणी आहेत’ एवढंच लिहितात.

पेन्यांचं आधी. इंग्लंडात १२ पेन्यांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्या. हा हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालला. आपल्याकडे १९२७ पासून रुपयाचा भाव दीड शिलिंग, म्हणजे १८ पेन्या, असा बांधलेला होता. त्या हिशेबाने एक पेनी आण्यापेक्षा जरा कमी भरते. सोल्जर घरच्या बोटीची वाट पाहत देवळालीत पडून राहायचे आणि खिशात उरलेली चिल्लर धुलाईत देऊन टाकत असणार. पण ती भाजीबाजारात कोण घेणार? म्हणून थैलीत राहिली. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण कॅम्पातल्या आणखी दोन घरांत मी अशाच थैल्या पाहिल्या आहेत.

तुमच्या यादीत १९१२ ची एक पेनी आहे आणि तिच्यापुढे तुम्ही ‘सालाच्या डावीकडे बारीक खूण’ असं लिहिलंय. भिंगाखाली धरा, इंग्रजी ‘एच’ दिसेल. लंडनच्या टांकसाळीला काम उरकेना तेव्हा बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून पेन्या पाडून घेतल्या, त्यांची ही खूण. १९१८ आणि १९१९ मध्येही ‘एच’ आहे, शिवाय ‘केएन’ म्हणजे किंग्ज नॉर्टन, ही दुसरी खासगी कंपनी. ही १९१८-१९ ची बिनझिजलेली मिळाली तर संग्राहक उडी मारतात. तुमच्या १९१९ पुढे खुणेचा उल्लेख नाही, ती पुन्हा बघा.

तुमची तीन मोठी चांदीची नाणी म्हणजे हाफ क्राउन, अडीच शिलिंगांची. तीच सगळ्यांत महत्त्वाची. साल १९१६, १९२१ आणि १९४१. तिन्हींचं वजन सारखंच, १४.१४ ग्रॅम, झिजून थोडं कमी भरेल. पण १९१६ च्या नाण्यात हजारी ९२५ चांदी आहे, म्हणजे शुद्ध चांदी तेरा ग्रॅम. १९२० पासून इंग्लंडने चांदी निम्म्यावर आणली, त्यामुळे बाकी दोघांत प्रत्येकी सातच ग्रॅम. आणि १९४७ पासून चांदी पार बंद, नुसतं तांबं-निकेल. सराफाकडे गेलात तर तिन्ही एकाच काट्यावर टाकू देऊ नका.

आता एक गंमत. यादीत चाळिसाव्या क्रमांकावर १९६७ ची पेनी आहे. आजोबा गेले ५८ मध्ये. म्हणजे त्यांच्यामागे कुणीतरी ही थैली उघडली आणि आपलं एक नाणं आत टाकलं. कुणी काका-मामा इंग्लंडला होते का, घरात विचारा. त्या पेनीला किंमत शून्य; १९६७ साल घालून ६५ कोटींहून जास्त पाडल्या आहेत. पण थैलीची गोष्ट तिच्यामुळे बदलते.

भाच्याला मात्र थांबवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमची १९१२ ची पेनी जन्मली इंग्लंडात, पण आता तिला माहेरी जाता येणार नाही.

आणि वाटणीच्या आधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि साल एका वहीत उतरवा. १९०६ मध्ये आपल्याच जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. पुढे नाणी जिकडेतिकडे गेली. पण रेव्हरंड स्कॉट नावाच्या गृहस्थांनी ती तपासून लिहून ठेवली आणि १९०८ मध्ये ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. आज जो तो तोच लेख उघडतो. तुमची थैली एवढी मोठी नाही हे मान्य. वही दोनशे पानी पुरे.

माझ्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं एक आण्याचं नाणं आहे. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘यूकेएल वन आना’. व्हिडिओत याला २५ लाख सांगतात.
– एक वाचक, मालेगाव

हे नाणं नाही. पितळेचा बिल्ला आहे. रामदरबार, हनुमान, ओम, लक्ष्मी अशा सगळ्या देवांचे मिळतात. काहींवर तर १६१६ साल असतं. १८१८ मध्ये मुंबई इलाख्यात कंपनीचे तांब्याचे पैसे चालायचे, त्यांवर कंपनीची खूण आणि तराजू असे. एक आण्याचं वेगळं नाणं सरकारने काढलं ते थेट विसाव्या शतकात, तेही नागमोडी कडेचं. व्हिडिओवाला ‘नोंदणी फी’ मागेल, ती देऊ नका. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन फी मागणाऱ्यांबद्दल बँकेने स्वतः २०२१ मध्ये सावध केलं आहे. हनुमान देव्हाऱ्यात ठेवा.

पेन्या चिंचेने घासल्या. लख्ख झाल्या, पण दुकानदार घेत नाही.
– एक वाचक, पंचवटी

घेणार नाहीच. गुलाबी झालेली पेनी लांबूनच ओळखू येते. वरचा तपकिरी थर शंभर वर्षांत चढलेला असतो, तो परत चढवता येत नाही. इलाज नाही. उरलेल्यांना हात लावू नका.

आजीच्या माळेत एक गिनी आहे, १९१८ ची, सालाच्या वर मधोमध ‘आय’. ही हिंदुस्थानातली की इंग्लंडची?
– एक वाचिका, सिन्नर

दोन्ही. आपण जिला गिनी म्हणतो ते सॉव्हरिन नाणं इंग्लंडचं, पण पाडलं मुंबईच्या टांकसाळीत. ‘आय’ म्हणजे इंडिया. हे फक्त १९१८ सालाचं, सुमारे तेरा लाख नग. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट. माळेत ओवायला कडी डाखली असेल तर संग्राहकाच्या लेखी ते खराब झालं. सोन्याचा भाव मात्र कुठे जात नाही. कडी काढायला जाऊ नका, काढल्याचा डाग कडीपेक्षा वाईट दिसतो. माळ आहे तशीच छान आहे.

काका, मी कॉलेजला आहे. तीन वर्षं इंग्लंडची नाणी जमवतेय. मराठीत त्यांच्या भावांचं एकही पुस्तक मिळालं नाही, म्हणून मीच काढावं म्हणतेय. कसं काढतात?
– एक वाचिका, इंदिरानगर

पोरी, बस इथे. हा प्रश्न मी वीस वर्षांपूर्वी कुणाला तरी विचारायला हवा होता. विचारला नाही आणि पुस्तक काढलं. ९६ पानं, ५०० प्रती. हाफ क्राउनचं वजन १४.१४ च्या जागी ११.४ छापलं. मुद्रिते मीच तपासली होती, तेव्हा दोष कुणावर ढकलू? एक गृहस्थ पुस्तक आणि नाणं घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, माझं जड भरतंय, दुर्मीळ आहे का? मग हिने आणि मी मिळून उरलेल्या ३४० प्रतींत खळीने शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चार रात्री गेल्या. खळीच्या वासाने पुढे झुरळं आली, ती वेगळीच.

तर पहिलं: भाव छापू नकोस. इंग्लंडच्या नाण्यांचा जो वार्षिक कॅटलॉग आज लंडनची स्पिंक कंपनी काढते, तो १९२९ पासून सीबी या लंडनच्या व्यापाऱ्यांच्या नावाने निघायचा. तिथे व्यापारी भाव ठरवतो, कारण त्याच्या दुकानात तो भाव मिळतो. म्हणजे तू विकायला गेलीस की मिळणारा भाव नव्हे, तू घ्यायला गेलीस की द्यावा लागणारा. नाशिकच्या दुकानात त्या भावाने पेनी घेणारा मला अजून भेटायचाय. मीच झिजलेली पेनी पन्नास-शंभराच्या वर कधी घेतली नाही. आणि छापखान्यातून पुस्तक बाहेर पडेपर्यंत चांदी कुठल्या कुठे गेलेली असते. वजन, धातू, व्यास, खुणा मात्र पन्नास वर्षांनीही त्याच राहतात.

दुसरं, क्रमांक. त्या कॅटलॉगचं खरं भांडवल भाव नाहीत, क्रमांक आहेत. पत्रात नुसता क्रमांक टाकला की लंडनचा माणूस आणि मी एकाच नाण्याबद्दल बोलतोय हे पक्कं होतं. क्रॉझ या अमेरिकी प्रकाशकाच्या जागतिक कॅटलॉगचे ‘केएम’ क्रमांक तसेच. ब्राँझच्या पेन्यांसाठी तर फ्रीमन या अभ्यासकाने एका बाजूच्या ठशांना आकडे आणि दुसऱ्या बाजूच्या ठशांना अक्षरं दिली. एकट्या १८६० सालात कडेला मणी असलेली पेनी वेगळी, दात असलेली वेगळी. १९०२ मध्ये मागच्या बाजूवरच्या ब्रिटानिया देवीच्या मागे समुद्राची रेघ खाली गेलेली पेनी आहे, तिला ‘लो टाइड’ म्हणतात. माझ्याकडे आहे. सहा महिने ती साध्या पेन्यांच्या डब्यात पडली होती, कारण पुस्तकात चित्र नीट छापलं नव्हतं.

म्हणून तिसरं, फोटो. स्कॅनरवर चांदीचं नाणं काळं येतं. खिडकीपाशी ठेव, उजेड वरून डावीकडून येऊ दे. खालून उजेड आला तर राजाचा चेहरा खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो. माझ्या पुस्तकात पाचवा जॉर्ज चार पानं तसाच आहे. दुसऱ्याच्या कॅटलॉगातले फोटो उचलू नकोस. नाण्यावर कुणाचा हक्क नसला तरी फोटोवर असतो.

बाकी सोपं आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो. छापल्यावर एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, कायदाच आहे. मला तेही उशिरा कळलं. लिहिण्याआधी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहून ये. तिथे इंग्लंडची नाणी बघायला जायचं नाही, नाण्याखालची चिठ्ठी कशी लिहितात ते बघायला जायचं.

१९३३ च्या पेनीवर पान खर्च करू नकोस. साताच्या आसपासच माहीत आहेत, त्यातल्या काही इमारतींच्या पायाच्या दगडाखाली पुरलेल्या. लीड्सच्या एका चर्चखालची १९७० मध्ये चोरीला गेली. गोष्ट भारी आहे. पण ती पेनी नाशिकच्या कुठल्या थैलीत निघणार नाही.

आणि विषयच बदल, असं मी म्हणेन. सगळ्या इंग्लंडचं पुस्तक लंडनवाले दरवर्षी काढतात, त्यात तू काय भर घालणार? देवळालीच्या घरांत इंग्लंडची कुठली नाणी राहिली, कुणाच्या हातून आली, कुठल्या सालापर्यंतची आहेत, हे मात्र लंडनवाल्यांना लिहिता येणार नाही. चाळीस पानांचं होईल. होऊ दे.

वरच्या पहिल्या पत्राच्या गृहस्थांना मी फोन केला होता. वाटणी दिवाळीपर्यंत लांबवायला ते तयार आहेत आणि तुला थैली दाखवायलाही. पत्ता संपादकांकडे ठेवलाय. जाताना दोन दशांश दाखवणारा काटा घेऊन जा, सराफी काटा लागत नाही, चारपाचशेचा चालतो. नाणी कडेने धर. आणि ती १९६७ ची पेनी वेगळ्या पाकिटात ठेवायची, पण यादीतून काढायची नाही. तिच्यापुढे लिही, ‘नंतर आलेली, कुणी टाकली ते माहीत नाही’.