प्राण्यांच्या खासगी दवाखान्यात नर्स म्हणून काम करणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की बारावी झाली आहे, कुत्र्यामांजरांची आवड आहे, तर एखाद्या डॉक्टरांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये 'व्हेट नर्स' म्हणून लागावं का. मी पुण्यात अशाच एका क्लिनिकमध्ये नऊ वर्षं आहे. एक डॉक्टर, मी आणि सफाईला येणाऱ्या मावशी, एवढाच स्टाफ.

आधी नावाचं सांगते. इंग्लंडमध्ये व्हेट नर्सची परीक्षा असते, नोंदणी असते. आपल्याकडे तसं काही नाही. 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे. पशुवैद्यकीय पदविकावाल्यांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यामुळे कागदोपत्री मी 'असिस्टंट'. लोक मात्र सिस्टर म्हणतात, ताईही म्हणतात.

आवड असलेले पुष्कळ येतात आणि पंधरा दिवसांत जातात. कारण या कामात लाड थोडे आणि धरणं फार. सलाईन लावायचं तर कुत्र्याचं डोकं माझ्या छातीशी, एक हात त्याच्या हनुवटीखालून, दुसऱ्या हातानं पुढचा पाय कोपराशी धरायचा आणि अंगठ्यानं शीर दाबून किंचित बाहेर वळवायची. ती नीट फुगली तर सरांची सुई पहिल्या फटक्यात जाते. नाही फुगली तर तीनदा टोचावं लागतं, कुत्रं चिडतं आणि मालकीणबाई रडायला लागतात. मांजराचं उलटं. जितकं घट्ट धराल तितकं ते पेटतं. टॉवेल टाकायचा, दिवा मंद करायचा, आपण गप्प बसायचं. आणि लॅब्रॅडॉरला घाबरू नका, पॉमेरेनियनला घाबरा.

चावणार तर आहेच. म्हणून कामाला लागण्याआधीच रेबीजची लस घ्या: तीन डोस, पहिला, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या. तिचे पैसे क्लिनिक देणार का, हे पगाराआधी विचारा.

पावसाळ्यात गोचीडतापाची रांग लागते, आणि पार्व्होची, म्हणजे विषाणूमुळे रक्ताची हगवण लागलेली, पिल्लं तर असतातच. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पार्व्होच्या विषाणूला फिनेलनं काही होत नाही, ब्लीच लागतं. शिवाय फिनेल मांजरांना विषारी. हे मावशींना पटवायला मला वर्ष लागलं.

एकट्या डॉक्टरांच्या ठिकाणी सगळं शिकायला मिळतं, कारण करायला दुसरं कोणी नसतं. ऑपरेशन चालू असताना श्वास मोजायचे, हिरड्यांचा रंग बघत राहायचं, एक्स-रेला प्राणी धरायचा, बिल करायचं. लाइट गेली की लशींचा फ्रिज दोन ते आठ डिग्रीत ठेवायची धडपडही माझीच. दिवाळीत रजा विसरा, फटाक्यांना घाबरून पळालेली आणि भाजलेली कुत्री तेव्हाच येतात.

आणि डॉक्टर नसले की फोन तुमच्याकडे. दुसऱ्याच वर्षी एका रविवारी सर लग्नाला गावी गेले होते. एका बाईंचा फोन आला, मांजराचं अंग गरम होतं म्हणून माणसांची तापाची अर्धी गोळी दिली, आता ते सुस्त पडलंय. मी म्हटलं, झोपू दे, उद्या सकाळी आणा. सकाळी आणलं तेव्हा हिरड्या चॉकलेटी झाल्या होत्या, तोंड सुजलं होतं. दुपारपर्यंत गेलं. पॅरासिटामॉल मांजराला पचत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं तर कदाचित वाचलं असतं. बाई मला काही बोलल्या नाहीत, अजून त्यांची दुसरी मांजर घेऊन येतात. तेव्हापासून फोनशेजारी दोन जवळच्या क्लिनिकचे नंबर चिकटवलेत, आणि फोनवर 'थांबा, बघू' मी कुणालाच म्हणत नाही.

पगार? मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगा साधारण तेवढंच मिळवतो. पुढे जायचं असेल तर 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, करा. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात, पण मग सुई तुमच्या हातात. आमच्याकडे सहा महिने काम करून एक मुलगी तिकडे गेली. मी वयामुळे नाही गेले, हे खरं कारण की बहाणा, मलाच माहीत नाही.

ठरवण्याआधी ओळखीच्या क्लिनिकमध्ये विचारून एक शनिवारची संध्याकाळ नुसती बसून काढा. पांढरे कपडे घालू नका.