मायक्रोवेव्हवर खापर फोडण्याआधी

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, टिश्यूतली ठरावीक प्रथिने (अँटिजेन) अँटिबॉडीच्या मदतीने, बहुधा तपकिरी रंगाने, दाखवणारी तपासणी. फॉर्मेलिनने झाकलेली अँटिजेन उघडी करायला स्लाइड आधी बफरमध्ये उकळतात, यालाच रिट्रिव्हल म्हणतात. आयएचसीच्या स्लाइडवर रंग नीट आला नाही की पहिला संशय उकळणाऱ्या मायक्रोवेव्हवर जातो. प्रयोगशाळांतून आलेले या वेळचे प्रश्न बहुतेक त्याच वळणाचे आहेत, म्हणून एकत्र घेत आहे.

उकळताना सेक्शन (टिश्यूचे पातळ काप) स्लाइडवरून सुटून बफरमध्ये तरंगतात. स्तनाच्या टिश्यूत हे जास्त होते.

चरबीयुक्त टिश्यू आधी सुटतो. एच अँड ई या नेहमीच्या रंगाईला चिकटवायला चालणारे एग अल्ब्युमिन इथे टिकत नाही. पॉली-एल-लायसिन लावलेल्या किंवा चार्ज्ड स्लाइडच वापरा. जाडी 3 ते 4 मायक्रॉन. सेक्शन उचलल्यावर स्लाइड उभी ठेवून खालचे पाणी पूर्ण निथळू द्या, मग 60 अंशांवर तासभर. सेक्शनखाली राहिलेला पाण्याचा थेंब उकळताना फुगतो आणि टिश्यू उचलून टाकतो.

सायट्रेट बफर एकदा उकळल्यावर पुन्हा वापरावा का?

नाही.

एकाच बॅचमध्ये काही स्लाइड गडद, काही फिक्या. ओव्हन घरगुती, 800 वॅटचा.

आज 3 स्लाइड, उद्या 20, असे होत असेल तर उष्णताही रोज वेगळी मिळणार. बफरचे माप ठरवून टाका, रॅकमधल्या रिकाम्या खाचांत कोऱ्या स्लाइड भरा आणि जार रोज त्याच जागी ठेवा. वेळ बटण दाबल्यापासून धरू नका, उकळी फुटल्यापासून धरा. उकळी आली की पॉवर कमी करा. दर 5 मिनिटांनी पातळी पाहा. उतरली असेल तर गरम डिस्टिल्ड वॉटर घाला. सेक्शनची वरची कडा उघडी पडून वाळली, तर तिथे खोटा तपकिरी पट्टा येतो आणि ती स्लाइड बादच धरावी लागते. शेवटी त्याच बफरमध्ये 20 मिनिटे थंड होऊ द्या. नळाखाली धरण्याची घाई नको.

विक्रेता म्हणतो, त्यांचे एकच द्रावण सगळ्या अँटिबॉडींना चालते.

असे कोणतेही द्रावण नाही. काही अँटिजेनना पीएच 6 लागतो, काहींना 9, काहींना उष्णतेऐवजी एन्झाइम. अँटिबॉडीचे माहितीपत्रक आधी वाचा. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 2.94 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट घालून पीएच 6.0 करा, किंवा 1.21 ग्रॅम ट्रिस आणि 0.37 ग्रॅम ईडीटीए घालून 9.0. दोन्हींत अर्धा मिली ट्वीन 20. पीएच मीटरनेच मोजा, तेही द्रावण थंड असताना. नवी अँटिबॉडी दोन्ही बफरमध्ये, माहीत असलेल्या पॉझिटिव्ह टिश्यूवर पडताळा आणि निकाल पॅथॉलॉजिस्टना दाखवा.

कुकरच्या किती शिट्ट्या?

शिट्ट्या नव्हे, मिनिटे मोजा, दाब पूर्ण चढल्यापासून. धातूचा कुकर मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही.

स्तनाच्या गाठीत ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) निगेटिव्ह आला. रिट्रिव्हल 20 वरून 30 मिनिटे केले, तरी तेच. नमुना तालुक्याहून तिसऱ्या दिवशी आला होता.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. असे नमुने येतात ते बहुधा असेच: अख्खा स्तन न कापता बाटलीत कोंबला, त्यावर नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेले फॉर्मेलिन, तेही जेमतेम बुडेल एवढे! फॉर्मेलिन साधारण तासाला एक मिलिमीटर आत शिरते. बाहेर टिश्यू कडक होतो आणि आत गाठ कुजत राहते. कुजलेले अँटिजेन कितीही उकळले तरी परत येत नाही. नमुना काढल्यापासून तासाभरात गाठीला छेद देऊन तो 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, नमुन्याच्या किमान दहापट द्रावणात, गेलाच पाहिजे. तिथे 6 ते 72 तास. काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहायला लावा, नसेल तर सर्जनना फोन करून विचारा.

आता तीच स्लाइड पुन्हा पाहा. ट्यूमरच्या कडेला एखादी सामान्य नलिका असेल, तर तिच्या काही केंद्रकांत तरी रंग हवा. तिथेही कोरे असेल, तर ही चाचणी निगेटिव्ह नाही, ती फसली आहे. ‘निगेटिव्ह’ लिहून पाठवलात, तर त्या बाईंना वर्षानुवर्षे मिळू शकणारे हार्मोनचे उपचार एका शब्दाने बंद होतील. रिपोर्ट थांबवा, पॅथॉलॉजिस्टशी बोला, दुसरा ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) किंवा बायोप्सीचा जुना ब्लॉक मागवा.

यकृताच्या सेक्शनवर सगळीकडे तपकिरी रंग.

यकृतात आणि मूत्रपिंडात मुळातच बायोटिन असते. उष्णतेने ते आणखी उघडे पडते. रंग आणायला बायोटिनवर चालणारे अव्हिडिन-बायोटिन किट असेल तर टिश्यूतले बायोटिन ब्लॉक करा किंवा बायोटिन न लागणारे पॉलिमर किट घ्या. प्रायमरी अँटिबॉडीशिवाय (अँटिजेनला चिकटणारी पहिली अँटिबॉडी न घालता) एक स्लाइड सोबत चालवा. तीही तपकिरी आली, तर पॅथॉलॉजिस्टना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.